जुन्या सेफ्टी रेझरला चिंच-लिंबू लावू नका

मा. संपादक,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंकेतून आजोबांचे सेफ्टी रेझर हमखास निघते. मग ते एकतर भंगारात जाते, नाहीतर देवाच्या भांड्यांबरोबर चिंच किंवा पितळेच्या पावडरीने घासले जाते. घासण्याने होणारे नुकसान भरून येत नाही, म्हणून हे पत्र.

जुनी चांगली रेझर बहुतेक पितळेची असतात, पण वर निकेलचा पातळ मुलामा असतो, काहींवर सोन्याचा. पितळी भांड्यात ताक कळकते तसेच इथे होते. आंबट रस मुलाम्याच्या बारीक चिरांतून आत उतरतो, पितळेतले जस्त आधी खातो आणि गुलाबी-तांबूस डाग उरतात. पावडर तर मुलामाच खरवडते.

खरे तर रेझरवरचा करडा थर मुख्यतः साबणाचा असतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करते. टोपी, खालची पट्टी आणि मूठ सुटी करून कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकावेत, अर्धा तास भिजवावे आणि मऊ टूथब्रशने घासावे. गरज पडली तर पुन्हा भिजवावे. उकळू मात्र नये: सोनेरी मुलाम्यावरचे लॅकर (पारदर्शक रोगण) आणि काही रेझरवर कोरलेल्या आकड्यांमधला रंग निघतो. क्षाराचा डाग राहिलाच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मे पाणी मिसळून कापसाने फक्त डागावर दोन मिनिटे लावावे, लगेच धुवावे. सोनेरी रेझरला तेही नको.

निकेलला चमक हवी असेल तर मेटल पॉलिश सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने मिनिटभर पुरे. कापड काळे पडणारच. पिवळे पितळ दिसू लागले की थांबावे. बफिंगच्या (चकाकी आणणाऱ्या फिरत्या) चाकावर मुळीच देऊ नये. टोपीच्या कडा गोल होतात आणि पाते किती बाहेर राहील हे त्याच कडा ठरवतात.

मुठीची कळ फिरवून झडपा उघडणारे रेझर अडकले असेल तर पकड लावू नये, पोकळ मूठ चिरते. जास्त वेळ भिजवावे, वाळवावे आणि सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. खोबरेल नको, थंडीत ते आतच गोठते. अमेरिकन बनावटीच्या जिलेटवर खालच्या बाजूला अक्षर आणि आकडा दिसला तर तो पुसून टाकू नये: त्यावरून बनावटीचे वर्ष कळते, A म्हणजे 1955, पुढचा आकडा तिमाहीचा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी पात्याची. नवे दुधारी पाते बसवून समोरून पाहावे. दोन्ही बाजूंना ते सारखे बाहेर आले पाहिजे. तिरके दिसले तर सैल करून पुन्हा आवळावे. तरीही तिरके राहिले तर पट्टी किंवा तिचे दाते वाकलेले आहेत. वाकलेला दात लाकडाच्या तुकड्याने एकदाच, सावकाश दाबावा. पुढे-मागे केला की पितळ कडक होऊन तुटते. जस्ताच्या ओतीव धातूचे रेझर फुगून पांढरी भुकटी सोडत असेल, तर त्यावर वेळ घालवू नये. त्याचा आट्यांचा खुंट दाढी करताना तुटू शकतो.

वापरण्यापूर्वी सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटे ठेवावे. ब्लीचने धातूला खड्डे पडतात. नवा मुलामा चढवायला दिलाच, तर आटे झाकून घ्यायला सांगावे. आट्यांवर थर चढला की मूठ पुरती आवळत नाही आणि पाते सैल राहते.

— एक वाचक, जुळे सोलापूर