सूचना : रविवारी रेडिओ आणि व्हीओआरचा सराव

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 9 वाजता रामबागेतल्या नेहमीच्या खोलीत भेटू. पोहे खाऊनच या, मध्ये सुट्टी नाही.

व्हीओआर म्हणजे विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन. त्याची फ्रिक्वेन्सी लावली, कॉकपिटमधला काटा हलला की आपण निर्धास्त होतो. तसं करू नका. आधी मोर्सची ओळखखूण ऐका, चार्टवरच्या ठिपके-रेघांशी ताडून पाहा. खूण येत नसेल तर स्टेशनचं दुरुस्तीकाम चालू असू शकतं. त्या काट्यावर विसंबू नका. मागच्या सरावात बरेच जण इथेच चुकले, म्हणून पहिला तास यालाच.

मग रीडबॅक, म्हणजे नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवणं : रनवे, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), क्लिअरन्स (परवानगी) पूर्ण म्हणायचं. नुसतं ‘रॉजर’ (ऐकलं) चालणार नाही. रेडिओ बंद पडल्यास ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) 7600 हा कोड, हे पाठच हवं.

हेडसेट आणि चालू चार्ट आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.