निवृत्तीच्या खात्यात विम्याचा भुर्दंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतून चतुर्थीला घरी येणारे कितीतरी गोंयकार आता साठीला टेकले आहेत. माटोळीखाली बसूनसुद्धा निवृत्तीच्या पैशाचा विषय निघतो. फोंड्यात माझा जन्म हिशेबनिशीत गेला, त्यामुळे असले कागद माझ्याकडेच येतात. यंदा धाकट्या भावाने न्यू जर्सीहून त्याच्या 'व्हेरिएबल अॅन्युइटी'चा करार आणला होता.

ही अॅन्युइटी म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या करारात बसवलेले म्युच्युअल फंड. पैसे काढेपर्यंत नफ्यावर कर नाही, हे तिचे मोठे आकर्षण. पण भावाचे पैसे आयआरए या निवृत्ती खात्यातले, आणि त्या खात्यात ही सवलत मुळातच आहे. पडवीत बसलेल्याला छत्री विकली, दुसरे काय! बरे, विम्याचा आकार वर्षाला सव्वा टक्का, फंडांचा खर्च वेगळा, आजीवन उत्पन्नाच्या हमीचा एक टक्का आणखी वेगळा. बेरीज तीन टक्क्यांच्या घरात जाते. दोन लाख डॉलरवर हे वर्षाला सहा हजार डॉलर झाले, बाजार चढो वा पडो.

"दादा, पण सात टक्के वाढीची हमी आहे ना," असे भाऊ म्हणत होता. हमी आहे, पण ती एका कागदी आकड्याला. तो आकडा एकरकमी काढून घेता येत नाही. पुढे वर्षाला किती पैसे मिळणार, ते ठरवण्यापुरताच तो असतो. मिळणारे पैसेही आधी आपल्याच खात्यातून जातात. खाते रिकामे झाले, तरच कंपनीच्या खिशाला हात लागतो. पंच्याऐंशी-नव्वदी पार करणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, हे मान्य. पण विकणाऱ्याने हे एवढे उलगडून सांगितले नव्हते, आणि त्याचे कमिशन याच आकारांतून निघते.

दुसऱ्या आयआरए खात्यात रक्कम थेट वळवली तर कर लागत नाही. मात्र करार मोडला तर कंपनी पहिल्या वर्षी सात टक्के कापते, मग दरवर्षी एकेक टक्का कमी. भाऊ त्यात अडकला आहे.

आपल्याकडेही ग्रॅच्युइटी खात्यात पडली की बँकेतून युलिपसाठी, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या योजनेसाठी, फोन येतो. पाच वर्षे पैसे अडकतात, आणि साठीतल्या माणसाच्या विम्याचा आकार तरुणापेक्षा जास्त कापला जातो. त्याच माणसाला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळते. ते मात्र फोनवर कोणी सांगत नाही.

आपल्या अर्थविषयक पानावर युलिपमधले सगळे आकार एका तक्त्यात छापावेत, ही विनंती. अक्षर जरा मोठे ठेवा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, फोंडा