बंड्याशी तूच बोल

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर माझी चूक कबूल. इकडे सगळे बरे, शुगर आटोक्यात.

लिहायला बसलो ते बंड्यासाठी. हॉटेलवाल्यानं त्याचा दोन महिन्यांचा पगार आणि टिपा दाबून ठेवल्यात. आणि काल हा पठ्ठ्या कॅप्टनशी, म्हणजे वेटरांच्या मुकादमाशी, भांडून, एप्रन काउंटरवर टाकून निघून आला. लिहून एक ओळ दिली नाही. अगदी तुझ्यावर गेलाय!

माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. आधी राजीनामा लिहायला लाव, आजची तारीख घालून. नाहीतर मालक म्हणणार, "पोरगा पळून गेला." राजीनामा दिला की दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतच तसं आहे. नोकरी चालू असली तरी महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेपर्यंत मिळायला हवा. "सीझन संपला की देतो" हे कायद्यात बसत नाही.

दुसरं, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याला काढतील, त्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवू दे. ड्यूटी चार्टचा फोटो, "उद्या डबल शिफ्ट" असले मेसेज, आधीचा पगार जमा झालेलं पासबुकाचं पान, सगळं हवं. दावा लागला की पगार दिला हे मालकानं सिद्ध करायचं असतं. पण बंड्या तिथं कामाला होता, हे आधी आपल्याला दाखवावं लागतं, आणि नेमणूकपत्र नसलेल्या नोकरीत माणसं इथंच अडकतात. ठरलेल्या तासांवरचा प्रत्येक तास दुप्पट दरानं धरायचा, तोही तारीखवार.

कोऱ्या व्हाउचरवर सही नको! हिशेबाला बोलावतील, थोडी रोकड पुढ्यात ठेवतील आणि "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही मागतील. घ्यायचेच असतील तर मिळालेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतःच्या हातानं लिहायची, खाली "बाकी येणे आहे" आणि तारीख. त्या कागदाचा फोटो काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापलेत म्हणे. नुकसान त्याच्याच हयगयीनं झालं असेल आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं असेल, तरच कापता येतात. बिल बुडवून पळालेल्या गिऱ्हाइकाचा भुर्दंड सगळ्या वेटरांवर वाटणं तर सरळ लूट आहे. सगळी कपात मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

टिपांचं मात्र वेगळं आहे, आणि इथं आपलं जुनं भांडण पुन्हा काढतो. तू म्हणायचास, टिप म्हणजे पगारच. नाही रे. 2016 साली आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कार्डावरून आलेली टिप हा पगार नाही. तो गिऱ्हाइकाचा पैसा, मालकाकडे फक्त विश्वासानं आलेला. मला तर हे जास्तच जोरकस वाटतं: जी रक्कम मालकाची कधी नव्हतीच, ती त्यानं ठेवायची कशी? म्हणून पगार आणि टिपा एका आकड्यात मिसळायच्या नाहीत. टिपांचा वेगळा तक्ता: तारीख, टेबल, रक्कम, रोख की क्यूआर, आणि तो क्यूआर कोणाच्या खात्याचा.

मग लेखी मागणी, स्पीड पोस्टानं, पोच मिळेल अशी. देण्यासाठी ठरावीक तारीख द्यायची. ती उलटली की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दावा. मुदत तीन वर्षांची आहे, पण पुरावा तेवढा टिकत नाही. तिथं रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते. बाकीच्या पोरांचेही पैसे अडकलेत, तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, म्हणजे कोणी एकटा पडणार नाही. पीएफ कापत असतील तर यूएएनचं (पीएफच्या नंबराचं) पासबुकही उघडून बघू दे. कापतात आणि भरत नाहीत, असंही होतं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? सविस्तर कळव.

आणि बंड्याला आजच फोन कर. हॉटेलात परत जाऊन त्यानं कशावर सही केली का, ते सगळ्यात आधी विचार. मला तो सांगत नाही.

तुझा,
अण्णा