बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "नोकरी आहे, हुद्दा आहे, पंचेचाळिशी आली. आता डॉक्टरेट कशासाठी?" मी घाईघाईने काहीतरी बोलले आणि विषय तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर नेला. फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. तुम्ही सरळ विचारलं होतंत, मी सरळ सांगायला हवं होतं. ते पाच मिनिटांत जमलं नसतं, म्हणून हे पत्र. आईलाही वाचून दाखवा.

आधी आईची शंका. आई, ही पदवी मिळाल्यावर मी पेशंट तपासणार नाही. डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ असं तिचं नाव आहे, आम्ही डीआरपीएच म्हणतो. लसीकरण, साथींवर लक्ष, पिण्याच्या पाण्याची तपासणी, सुरक्षित बाळंतपणं अशा कामांच्या यंत्रणा ज्यांना चालवायच्या असतात, त्यांच्यासाठी ही डॉक्टरेट आहे. माझ्या अभ्यासक्रमाचा भर नेतृत्वावर आहे.

मग पीएच.डी. का नाही, असं बाबा विचारणारच. पीएच.डी.चा भर संशोधक घडवण्यावर असतो, माझ्या पदवीचा प्रत्यक्ष काम चालवणाऱ्यांवर. यांतलं काय हवं, हा वाद आजचा नाही. 1915 साली अमेरिकेत विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण कसं असावं यावर अहवाल तयार केला. रोझना प्रत्यक्ष काम करणारे आरोग्य अधिकारी घडवायचे होते. वेल्च यांचा कल संशोधनाकडे होता. वेल्च यांचं पारडं जड ठरलं, आणि पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जी संस्था उभी राहिली ती प्रामुख्याने संशोधनाची झाली. मला रोझ यांचं म्हणणं जवळचं वाटतं. संशोधन कमी महत्त्वाचं आहे म्हणून नव्हे. माझं घोडं जिथे अडलं, ती जागा वेगळी होती म्हणून.

ती जागा सांगते. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एका भागाच्या लसीकरणाची जबाबदारी आली. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचे बाळाला तीन डोस लागतात. पहिला घेतलेली किती मुलं तिसऱ्यापर्यंत पोचत नाहीत, त्याला आम्ही गळती म्हणतो. गळती 10 टक्क्यांच्या वर गेली की काहीतरी चुकतंय असं धरायचं असतं. आमची कितीतरी वर होती. पहिला डोस बहुतेक सगळ्यांना मिळत होता, म्हणजे केंद्र लांब नव्हतं, लस संपत नव्हती, फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंशांत व्यवस्थित राहत होतं. तरी आया परत येत नव्हत्या. मी आकडे मांडले, नकाशे रंगवले आणि निष्कर्ष काढला की लोकांत जागृती कमी आहे. मग भित्तिपत्रकं छापली, सभा घेतल्या, घरोघर माणसं पाठवली. सहा महिने गेले, गळती तेवढीच.

एका आढावा बैठकीनंतर, सगळे उठून गेल्यावर, तिथली एक नर्स थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, आपलं सत्र सकाळी दहाला सुरू होतं. त्या वेळी बायका कामावर असतात. पहिल्या डोसच्या वेळी त्या बाळंतपणाच्या रजेवर घरी असतात, म्हणून येतात." मी विचारलं, तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे? ती म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील. कुणी विचारलं नाही."

बाबा, मी त्या रिकाम्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. त्या दोन वर्षांतली पहिली दीड माझ्या आधीची होती, पण शेवटचे सहा महिने माझे होते. त्या सहा महिन्यांत ज्या मुलांचा तिसरा डोस राहिला त्यांची यादी माझ्याच संगणकात होती. आम्ही आठवड्यातलं एक सत्र संध्याकाळी केलं आणि गळती उतरायला लागली. त्यासाठी ना जास्त पैसा लागला, ना नवी लस. इतकं साधं काम व्हायला एवढा वेळ लागला, कारण माझ्या हाताखालच्या माणसाला मला काही सांगावंसं वाटेल अशी बैठकच मी कधी घेतली नव्हती. साथरोगशास्त्र मला येत होतं, आकडेमोडही येत होती. हे येत नव्हतं, आणि वय वाढलं की ते आपोआप येतं असंही नाही. पदाने मोठी झालेली पण हे कधीच न शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांच्यासारखं निवृत्त व्हायचं नाही.

आमच्या एका तासाला डॉ. दिलीप महालनबीस यांच्या कामावर चर्चा झाली. 1971 साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात कॉलराचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं, ते लावणारे हातही पुरेसे नव्हते. महालनबीसांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण तयार करवून घेतलं. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. ते पिंपांत कालवलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आया, भाऊ, बायका पेल्याने पाजत राहिल्या. आधी त्या छावण्यांत मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्या रुग्णांत ते 3.6 टक्क्यांवर आलं. 1978 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागच्या शास्त्रीय शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं.

तोंडाने द्यायच्या त्या पाण्याचं शास्त्र महालनबीसांच्या आधीच प्रयोगांतून सिद्ध होत आलं होतं. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. प्रशिक्षित हातांशिवाय हे करता येणार नाही असा समज असताना, समोर बसलेली आई हे करू शकते यावर त्यांनी भरवसा टाकला. चुकलं असतं तर बोल त्यांनाच लागला असता. ते वाचताना मला सारखी ती नर्स आठवत होती. माझ्या प्रबंधाचा विषय तिथूनच आला आहे: लसीकरणाची वेळ आणि जागा ठरवण्याचा अधिकार प्रत्यक्ष लस देणाऱ्यांच्या हाती दिला तर गळतीचं काय होतं. हा प्रबंध ग्रंथालयात बसून होणार नाही, माझ्याच कामाच्या ठिकाणी होणार आहे.

आता हा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, त्याबद्दल. बाबा, पैसे घेऊन पदव्या विकणाऱ्या बनावट विद्यापीठांबद्दल तुम्हाला वाटणारी भीती अगदी खरी आहे. म्हणूनच मी विद्यापीठाच्या जाहिरातीवर विसंबले नाही. अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ ही स्वतंत्र परिषद आहे. तिच्या स्वतःच्या यादीत माझा अभ्यासक्रम आहे का, ते पाहिलं. या पदवीच्या विद्यार्थ्याला काय काय करता आलं पाहिजे अशा 20 क्षमता त्या परिषदेने ठरवून दिल्या आहेत. वर्ग पडद्यावर असला तरी त्यांतून सूट नाही. प्रत्यक्ष क्षेत्रातलं काम करून दाखवावं लागतं, आणि प्रबंधही लिहावा लागतो.

माझ्या तुकडीतले सगळे कुठे ना कुठे कामावर आहेत. कुणी रुग्णालयाचं प्रशासन पाहतं, कुणी साथरोग विभागात आहे, एक जण मदतकार्याच्या छावणीतून वर्गाला बसतो आणि त्याचा आवाज अधूनमधून तुटतो. आज वर्गात वाटाघाटींबद्दल शिकलो की उद्या कचेरीत ते करून पाहायचं आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं. नोकरी सोडून गेले असते तर हे मिळालं नसतं. एकटेपणा मात्र आहे. रात्री अकराला पडदा मिटला की खोलीत कुणी नसतं, आणि झालेल्या चर्चेवर बोलायला शेजारच्या बाकावरही कुणी नसतं.

पैशांची चिंता करू नका. मी चार वर्षं साठवले आहेत, शुल्क हप्त्यांनी आहे, आणि तुमच्या ठेवीला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

वेळेचं मात्र खरं सांगते. साधारण चार वर्षं लागतील. शनिवार वर्गाचा, रविवारची सकाळ वाचनाची. दर महिन्याला येत होते तशी येता येणार नाही. आई, हे लिहिताना हात अडतो. चार वर्षांनी तुम्ही दोघं किती थकलेले असाल, हा हिशेब मी रात्री करते आणि मध्येच सोडून देते. अर्ज भरल्यानंतर तो पाठवायला मला तीन आठवडे लागले, ते याच कारणाने.

म्हणून एक मागते. गेल्या वर्षी आई जिन्यात पडली ते मला बारा दिवसांनी कळलं, "तिला कामाची गडबड असेल" म्हणून तुम्ही लपवलंत. असं पुन्हा करू नका. अभ्यासक्रमात गरज पडली तर सत्र पुढे ढकलता येतं, मी विचारून ठेवलं आहे. तुम्ही कळवलंत तरच मला ठरवता येईल. रोज रात्री साडेआठला मी फोन करीन, वर्ग असेल त्या दिवशी सातला. तेव्हा रक्तदाबाचा आकडा खरा सांगायचा, बाबा.

आणि तुमच्यासाठी एक काम ठेवलं आहे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी आधी मराठीत लिहून काढतेय, कारण मराठीत सांगता आलं नाही तर मला ते नीट कळलेलं नसतं. दिवाळीच्या आत पाठवीन. शाळेत असताना माझे निबंध तपासायचात तसं लाल पेन घेऊन बसा आणि जे वाक्य एका वाचनात कळणार नाही त्याच्याखाली रेघ मारा. आईनेही मारायची.

तुमची,
ताई