प्रिय डॉक्टर, तो फॉर्म एवढ्यात करू नकोस

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू म्हणालास की मुंबईचे, दुबईचे पेशंट व्हॉट्सअॅपवर लांबलचक व्हॉइस नोट पाठवतात, पुतणीच्या लग्नातल्या जागरणापासून सुरू करतात आणि पोटदुखीपर्यंत यायला पाच-सात मिनिटं घेतात, म्हणून आता सरळ टिक करायचा फॉर्म बनवून टाकतो. तेव्हा तुझी ओपीडी चालू होती म्हणून बोलता आलं नाही, आता निवांत लिहितोय. माझं मत विचारशील तर करू नकोस. आणि हे मी ज्याच्या जोरावर म्हणतोय तो माणूस तुला माझ्या आधीपासून माहितीये, विल्यम कलन.

हो तोच, तुमचा कलन. १७९० मध्ये तुमच्या होमिओपॅथीचा जनक हानेमान ज्याच्या मटेरिया मेडिकाचा, म्हणजे औषधांवरच्या पुस्तकाचा, जर्मन अनुवाद करत होता आणि सिंकोनाच्या, म्हणजे क्विनाइनच्या झाडाच्या, सालीबद्दलचं ज्याचं स्पष्टीकरण पटलं नाही म्हणून त्याने ती साल स्वतःच घेऊन बघितली. तुमच्याकडे होमिओपॅथीच्या डिग्रीला, बीएचएमएसला, तो एवढ्यापुरता येतो आणि जातो. पण हा माणूस एडिंबराचा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला डॉक्टर, युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, आणि जवळजवळ पस्तीस वर्षं, १७५५ पासून १७९० मध्ये जाईपर्यंत, तो पोस्टाने पेशंट बघत होता! आलेली पत्रं आणि गेलेल्या उत्तरांच्या नकला त्याने दोन्ही जपल्या, त्यामुळे पाच हजारांच्या वर कागद आज एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आहेत आणि स्कॅन करून कुणालाही वाचायला ठेवलेत. मी रात्री जेवण झालं की तेच उघडून बसतो.

आधी कारकून हाताने नकला उतरवायचे. १७८१ पासून कलनने जेम्स वॉटचं मशीन घेतलं, वाफेच्या इंजिनवाला वॉट, त्याने पत्राची कॉपी काढायचा प्रेस बनवला होता. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर पातळ ओलसर कागद ठेवून दाबायचा, शाई त्या कागदावर उलटी उतरते, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने बघितलं की अक्षर सुलट वाचता येतं. म्हणजे पेशंटला काय सांगितलं होतं हे डॉक्टरकडे जसंच्या तसं, त्याच्याच अक्षरात. फॉलोअपचं पत्र आलं की आधीचा कागद काढून बघता येतो. मला तर हे बघून फार भारी वाटलं.

आता तू म्हणशील की पेशंट न बघता औषध कसं काय देतात. पण समोर बसवून तरी काय बघणार होते रे? स्टेथोस्कोप १८१६ नंतरचा, ताप मोजायला थर्मामीटर कुणी रोज वापरत नव्हतं, एक्स-रे वगैरे तर सोडूनच दे. फिजिशियन म्हणजे नाडी बघणार, जीभ बघणार, लघवी-शौचाचं विचारणार आणि मुख्य म्हणजे ऐकणार. निदान पेशंटच्या हकीकतीवरच व्हायचं, मग ती हकीकत कानाने ऐकली काय आणि कागदावर वाचली काय. नाडी गावातला सर्जन किंवा औषधवाला बघून कळवायचा, बरेचदा पत्रही तोच लिहायचा, नाहीतर नवरा, भाऊ, ओळखीचा पाद्री. आणि उत्तरात औषध थोडं, बाकी सगळं राहणीमान. घोड्यावर रपेट करा, अंगाशी फ्लॅनेल घाला, दूध घ्या, दारू कमी करा, जमलं तर अमुक गावच्या झऱ्याचं पाणी प्या. हे सांगायला माणूस काय खातो, कधी झोपतो, कशाची काळजी करतो हे आधी माहीत पाहिजे, म्हणून तुझ्या भाषेतलं ते लग्नातलं जागरण त्याला फालतू वाटत नव्हतं, तीच त्याची केस होती.

पत्र लिहिणंही स्वस्त नव्हतं. १८४० मध्ये एक पेनीचं पोस्ट आलं, त्याआधी अंतर आणि कागदांची संख्या बघून पैसे, आणि ते बहुतेकदा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरायचे म्हणून लोक पत्रच घडी घालून मेण लावून बंद करायचे आणि पत्ता बाहेरच्या बाजूला. एवढं असूनही लोक सविस्तर लिहायचे, कारण एकदाच बोलायची संधी आणि उत्तर यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

ही पद्धत सगळं करू शकत नव्हती हेही खरं. सॅम्युएल जॉन्सन, डिक्शनरीवाला, १७८४ मध्ये दमा आणि जलोदराने बेजार होता. लंडनमध्ये हेबर्डन, ब्रॉकल्सबी असे मोठे डॉक्टर त्याला बघत होते, तरी त्याने एडिंबरात असलेल्या आपल्या मित्राला, बॉस्वेलला, लिहिलं की तिकडच्या डॉक्टरांना माझ्या केसबद्दल विचार. बॉस्वेलने कलनला आणि तिथल्याच मन्रो, होप या डॉक्टरांना पत्रं पाठवली आणि सगळ्यांनी मनापासून उत्तरं दिली. त्याच डिसेंबरात जॉन्सन गेला. पोस्टाने कुणी वाचवू शकलं नसतं त्याला, आणि तेव्हा समोर असलेल्यांनाही जमलं नाही. पण आजारी माणसाला चार जाणत्यांनी आपलं सगळं वाचलं, त्यावर विचार केला, एवढं तरी मिळालं, आणि माझ्या लेखी ते कमी नाहीये.

तुझी अडचण मला कळते हां. दिवसाला तीस नोट ऐकायच्या म्हणजे माणूस दमणारच. पण त्यावरही त्याच काळातला एक उपाय आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा तिसो नावाचा डॉक्टर होता, त्यानेही असेच पत्रांवर पेशंट बघितले. १७६१ मध्ये त्याने खेड्यातल्या लोकांसाठी तब्येतीवर एक पुस्तक काढलं, ते बऱ्याच भाषांत गेलं, आणि त्याच्या शेवटी डॉक्टरला कळवायच्या आधी कुठल्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायची याची यादी दिली. वय काय, आधी तब्येत कशी होती, राहणीमान कसं, आजार कधीपासून आणि सुरुवात कशी झाली, नाडी कठीण की मऊ, दिवसभर अंथरुणात की उठतो, दिवसातल्या सगळ्या वेळी सारखंच वाटतं की बदलतं, तहान, तोंडाची चव, झोप, आतापर्यंत काय औषध घेतलं आणि त्याचा काय परिणाम झाला. बायकांसाठी वेगळे प्रश्न, मुलांसाठी वेगळे. बघ ना, यातला जवळजवळ एकही प्रश्न टिक मारून संपत नाही, माणसाला वाक्य बोलावंच लागतं, पण भरकटतही नाही. दिवसातल्या वेळेचा प्रश्न तर तुम्ही अजूनही विचारता, संध्याकाळी वाढतं का म्हणून. फॉर्मवर पोटदुखी, हो, असं टिक झालं की ती जेवल्यावर वाढते की जेवल्यावर थांबते हे तुला पुन्हा फोन करूनच विचारावं लागणार, मग वेळ कुठे वाचला? हानेमाननेही पत्रांवर भरपूर पेशंट बघितले, म्हणजे तुमच्या घराण्यातच ही सवय आहे.

म्हणून मी काय करतोय, तिसोचे प्रश्न साध्या मराठीत उतरवून काढतोय. एखाद्या आजीलाही समजतील असे. तेवढे पेशंटला आधी पाठव आणि म्हणावं, याच क्रमाने बोला, हवं तेवढं बोला. चार-पाच जणांवर करून बघ आणि फॉर्म तोवर बाजूला ठेव. रविवारपर्यंत पाठवतो. बायकांचे प्रश्न मात्र वहिनींना आधी दाखव, कुठला प्रश्न कसा विचारला तर बाई मोकळेपणी सांगेल हे आपल्या दोघांपेक्षा त्यांना जास्त कळेल, आणि त्या सांगतील ते बदल मला कळव.

तुझाच