रजेचे बटण आणि यंत्राचा ऑफसेट

महोदय,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर सेटर, म्हणजे कामाआधी यंत्र जुळवून देणारा कारागीर, म्हणून काम करून मी नुकताच निवृत्त झालो. अखेरच्या दोन वर्षांत आमच्या टाइम ऑफिसची खिडकी बंद झाली आणि रजा, गेटपास, सी-ऑफ (सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाबदली मिळणारी रजा), पगाराची स्लिप असे सगळे मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये गेले. रजेच्या अर्जावर सही मिळावी म्हणून साहेबांच्या मागे दोन-दोन दिवस फिरलेला माणूस अशा बदलाला विरोध करणार नाही, आणि माझाही नाही. मात्र ज्यांना अ‍ॅप जमले नाही त्यांच्यावर 'डिजिटल कौशल्य नाही' असा शिक्का मारला गेला, त्याबद्दल लिहिणे भाग आहे.

माझ्या शेजारच्या यंत्रावरील सहकारी पहिल्या नगाला मायक्रोमीटर लावून व्यास दोन शतांश मिलिमीटर जास्त भरला, तर पडद्यावर त्या टूलचा वेअर ऑफसेट (हत्याराची झीज भरून काढण्यासाठी यंत्राला दिलेली दुरुस्ती) तेवढाच उणे करीत असे. चिन्ह चुकले की पुढचा नग आणखी जाड निघतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. हाच माणूस रजा टाकताना अडखळला, कारण सगळा पडदा इंग्रजीत होता. दिवाळीच्या रजेचा अर्ज त्याने भरला, 'सेव्ह' दाबले आणि निश्चिंत झाला. 'सबमिट' हे निराळे बटण आहे, हे त्याला तीन दिवसांचा पगार कापला गेल्यावर कळले. पुढे त्याने आपला पासवर्ड एका शिकाऊ मुलाला देऊन टाकला. त्या मुलाच्या डायरीत आमच्या विभागातील निम्म्या लोकांचे पासवर्ड होते, आणि हे मनुष्यबळ विभागालाही ठाऊक होते.

कारखान्यातील वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमात म्हटले होते. फलकावरच्या कागदाला जी शिस्त लागू होती, ती खिशातल्या फलकाला लावावी असे अ‍ॅप विकत घेताना कोणालाच कसे सुचले नाही? प्रशिक्षण म्हणाल, तर कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे प्रोजेक्टर दाखवला गेला. ज्याच्या हातात त्या वेळी भाकरी होती, तो फोन कसा धरणार? हे शिक्षण शिफ्टच्या वेळेत, प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्याच बोटाने अर्ज करवून घेऊन द्यायला हवे.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तर चूक फार महाग पडते. २०१४ पासून यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा निधी खात्याचा क्रमांक, आला, आणि त्यातील नाव वा जन्मतारीख आधारशी जुळली नाही, तर ऐन गरजेच्या वेळी दावा अडतो. पूर्वी अशी तफावत टाइम ऑफिसमधील जुना कारकून नजरेनेच पकडत असे. आता ती जबाबदारी कामगारावर आली, कारकुनाची जागा मात्र भरली गेली नाही. अ‍ॅप खुशाल असू द्यावे. निदान पहिले वर्षभर तरी त्या खिडकीत मराठी बोलणारा एक माणूस बसवावा, एवढीच मागणी आम्ही त्या वेळी केली होती. तिला उत्तर आले नाही.

सहकाऱ्याच्या कापलेल्या तीन दिवसांचा पगार अखेर त्याला मिळाला. त्यासाठी त्याला कागदावर अर्ज लिहून द्यावा लागला.

आपला,
एक निवृत्त सेटर, नाशिक