गळ टाकणाऱ्यांना काठावरून उठवू नका, त्यांचं तंगूस मोजून घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका पक्षिमित्राचं पत्र आलं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात तंगुसात, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्यात, अडकून मेलेल्या पाणपक्ष्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, आणि शेवटी मागणी केली होती की काठावर गळ टाकून बसणाऱ्या सगळ्यांवर बंदी घाला. मी 1968 सालापासून तापीवर गळ टाकतो. रेल्वेत फिटर होतो, आता निवृत्त आहे. ते पत्र मी दोनदा वाचलं. त्यांचं दुःख खरं आहे आणि दोषही बहुतांशी आमचाच आहे. पण उपाय त्यांनी चुकीचा धरलाय, म्हणून हे लिहितोय.

यंदाच्या पौषात मी आणि माझा नातू चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाकडे गेलो होतो. सकाळी धुकं होतं. काठाला वेडी बाभूळ वाकलेली, तिच्या फांदीखाली काहीतरी फडफडत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर नदी सुरय. राखी पंख, पिवळी चोच, लाल पाय. त्यातल्या एका पायाला तंगुसाचे दोन वेढे बसलेले आणि दुसरं टोक बाभळीच्या काट्यांत गुंतलेलं. पक्षी उडायला जायचा, हातभर वर गेला की ओढला जायचा. मी पंचा ओला करून त्याच्यावर टाकला आणि पोराला म्हटलं, डोकं झाक, अंधार झाला की शांत होतो. तंगूस कातडीत इतकं रुतलं होतं की वरून दिसेना, नुसती रेघ दिसत होती. नेलकटरनं एक एक वेढा तोडला. त्या रेघेच्या खालचा पाय काळा पडला होता. सोडल्यावर उडाला, पण समोरच्या वाळूवर उतरताना तो पाय त्यानं टेकवला नाही.

मग बाभळीतलं तंगूस सोडवून आम्ही एका काडीवर गुंडाळलं. नातवानं हात पसरून मोजलं, अकरा वाव भरलं. टोकाला गाठ होती. ती मी लगेच ओळखली. ढेपेचा गोळा लावून तळाला रोहू-मृगळ धरायला आम्ही जशी जोडणी करतो, तीच गाठ. म्हणजे हे जाळेवाल्या भोई मंडळींचं नव्हतं, आम्हा हौशी गळवाल्यांपैकीच कुणाचं तरी होतं. गळ तळाच्या दगडात अडकला असेल, यानं ओढून तोडलं असेल आणि हातात उरलेलं तिथंच टाकून घरी गेला असेल. त्या दिवशी आम्ही गळ टाकलाच नाही.

ही सवय आमच्यात कशी आली, ते सांगायचं तर मला माझ्या लहानपणात जावं लागेल.

वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तेव्हा भुसावळात अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची बरीच घरं होती. वडिलांचे ड्रायव्हर साहेब त्यांतलेच. सुट्टीच्या दिवशी ते नदीवर जायचे आणि मी त्यांची पिशवी धरून मागे. आमच्याकडे गळ म्हणजे बांबूची काठी, सुती दोरा, पाण्यावर तरंगायला वाळक्या धांड्याचा तुकडा तरंडा म्हणून, आणि गांडूळ. साहेबांचं तंत्र वेगळं होतं. ते गांडूळ लावतच नसत. पिसांचा किडा बांधून त्यावर मासा धरत.

त्यांच्या व्हरांड्यात टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट धरायचा एक छोटा वाइस आवळलेला असे, शेडमधल्या वाइसचं पिल्लू म्हणावं असा. त्याच्या जबड्यात गळाचं वाकण धरायचं, दांडी आडवी, नेढं उजव्या हाताला. रेशमी धागा मेणाच्या खड्यावरून ओढून घ्यायचा, म्हणजे दांडीवरून घसरत नाही. मोरपिसाच्या दोन-तीन काड्या एकत्र पिळून दांडीवर गुंडाळल्या की किड्याचं अंग झालं, हिरवट काळं, चमकणारं. मग कोंबड्याच्या मानेवरचं एक लांबट पीस नेढ्याच्या मागं बांधायचं आणि चार-पाच वेढे द्यायचे. प्रत्येक वेढ्याला पिसाचे केस चहूबाजूंनी उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ते किड्याचे पाय. शेवटी गाठी मारून धागा तोडायचा आणि वर वॉर्निशचा एक थेंब. मी पहिल्यांदा बांधलं तेव्हा वेढे थेट नेढ्यापर्यंत नेले आणि गाठ मारायला जागाच उरली नाही. साहेबांनी ते ब्लेडनं उतरवलं आणि म्हणाले, नेढ्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा आधीच सोडून ठेवायची. पुढं तीस-पस्तीस वर्षं फिटरचं काम करताना ते वाक्य मला रोज उपयोगी पडलं.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं उडतात, तेव्हा तापीच्या उथळ पाण्यावर मासळी टपटप वर येते. तो पिसाचा किडा त्यांच्यात अलगद पडला की झडप ठरलेली. पण पिसाला वजन नसतं, ते दूर जातं दोरीच्या वजनावर. म्हणून साहेबांची दोरी विणलेल्या रेशमाची, जाडसर, तेल चोळलेली होती. नदीवरून आल्यावर अंघोळीच्याही आधी ते ती रिळावरून सोडायचे आणि दोन खुर्च्यांच्या पाठीला गुंडाळून वाळवायचे. ओली राहिली तर कुजते. एक दोरी ते वर्षानुवर्षं वापरत होते. पुढं ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना तो वाइस मला देऊन गेले, अजून माझ्याकडे आहे.

साहेबांच्या डबीत राखाडी रानकोंबड्याची पिसंही होती. मानेवरच्या त्या पिसाच्या टोकाला मेणाचा थेंब सुकल्यासारखा पिवळट ठिपका असतो. विलायतेत सॅमन माशाच्या गळावर त्यांना फार मान होता. त्यासाठी आपल्याकडचे किती रानकोंबडे गेले असतील, याचा विचार करवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यवहार गुन्हा ठरला आणि ते योग्यच झालं. मी पिसं घेतो ती चिकनच्या दुकानातून, गावठी कोंबड्याची, आणि मोरपीस शेतात आपोआप गळून पडलेलं. त्यावर मासा लागतो. रानकोंबड्याचं पीस नसल्यामुळे माझं कधी अडलं नाही.

सुती दोरा आणि रेशीम कुजायचं, म्हणून माणूस त्याला जपायचा. चुकून नदीत राहिलं तरी एक-दोन पावसाळ्यांत मातीला मिळायचं. नायलॉनचं तंगूस आलं आणि हे सगळं फिरलं. ते कुजत नाही, त्याला वाळवावं लागत नाही, स्वस्त आहे, पाण्यात दिसत नाही. माशाला दिसत नाही तसं पक्ष्यालाही दिसत नाही. जपायची गरज संपली तशी टाकून द्यायची सवय लागली. आजची पोरं बाजारातून तयार काठी आणि रीळ आणतात, गुंता झाला की कापतात, कापलेलं पायाशी पडतं. त्यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. मला शिकवणारा होता.

तंगुसाइतकाच शिशाचाही विचार व्हायला हवा. गळ खाली जावा म्हणून आपण शिशाच्या गोळ्या लावतो आणि त्या नदीत राहतात. बदकं दाणा दळायला बारीक खडे गिळतात. खडा समजून शिसं गिळलं तर त्याचं विष अंगात भिनतं. इंग्लंडात राजहंस असे मरायला लागले तेव्हा 1987 साली तिथं मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. हतनूरला हिवाळ्यात तलवार बदक आणि चक्रवाक हजारो मैलांवरून येतात, आणि चरायला उतरतात ते आपण बसतो त्याच उथळ काठाला. मी जुन्या बाजारातून लोखंडी नट आणतो. पाव इंची नट दोऱ्यात ओवला की काम भागतं. हरवला तर गंजून जातो.

गळाचा उलटा काटाही मी पकडीनं दाबून सपाट करतो. दोर ताणलेली ठेवता आली तर मासा सुटत नाही, आणि बोटभर पिल्लू लागलं तर ओठ न फाडता मोकळं करता येतं. पक्ष्याच्या कातडीत गेला तरी निघतो. हे मला शिकायला फार उशीर झाला. चाळिशीपर्यंत मी काट्यासकट गळ वापरले, आणि किती लहान मासे ओठ फाडून परत टाकले ते आठवलं की आज वाईट वाटतं.

आषाढ-श्रावणात मी काठी काढत नाही. रोहू, कटला, मृगळ अंड्यांवर येतात ते त्याच दिवसांत. पूर आला की प्रवाहाच्या उलट चढतात. त्या वेळी गाभोळी भरलेली एक मासळी धरली की पुढची लाखभर अंडी गेली. नदीकाठच्या एका म्हाताऱ्या भोई बाबांनी मला पोरवयात हटकलं होतं, “पोऱ्या, पान्याले घाई नसते, तुलेच हाये. पोळा होऊ दे.” तेव्हापासून पोळ्यापर्यंत काठी माळ्यावर असते.

आता बंदीबद्दल. गळवाल्याला उठवलं तर काठावर कोण उरेल? सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर येतात. त्यांच्या डोहांत रात्री काय चालतं ते आम्ही पाहिलंय. पूर्वी आदिवासी पाड्यांवर गेळफळ कुटून पाण्यात टाकत, त्यानं मासळी गुंगून वर येई आणि पाणी वाहतं असलं की असर उतरे. आता काही लोक पिकावर मारायचं औषध ओततात, कुणी मोटारीच्या तारा सोडून करंट देतात. डोहातलं पिल्लू, बेडूक, खेकडा, काही मागे राहत नाही. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण असं काही झालं की सकाळी सगळ्यात आधी कळतं ते काठी घेऊन बसलेल्याला. पाण्याचा वास बदलला, फेस आला, लहान मासळी काठाला तोंड वर काढून श्वास घ्यायला लागली, हे चार तास एका जागी बसणाऱ्यालाच दिसतं. त्याला हाकललंत तर नदीचे डोळे जातील.

म्हणून माझं म्हणणं असं. धरणावर ठेका असलेल्या मच्छीमार संस्था हौशी लोकांना जिथं पास देतात, तिथं पासाबरोबर साधी अट घालावी: जाताना तुटलेलं तंगूस दाखवून जायचं. गळाच्या दुकानदारांनी काउंटरवर एक डबा ठेवावा, त्यात जुनं तंगूस घ्यावं आणि शिशाशेजारी लोखंडी वजनंही विकायला ठेवावीत. अडकलेला गळ तोडायची वेळ आली तर दोर हातानं न ओढता काठीच्या दांड्याला दोन वेढे देऊन मागं चालत जायचं. मग तो बहुधा गळाजवळ तुटतो आणि वावच्या वाव नदीत राहत नाही. घरी नेलेल्या तंगुसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मगच ते घंटागाडीत टाकावं, नाहीतर कचरा डेपोवर घारी आणि बगळे त्यात अडकतात. पाटबंधारे खात्यानं दोन-तीन घाटांवर तुटलेलं तंगूस टाकायला झाकणाचा एक पाइप जरी उभा केला, तरी आम्ही तो रिकामा करत राहू. त्याला खर्च फार नाही. आणि ज्याच्या पायाशी कापलेलं तंगूस सापडेल त्याचा पास खुशाल रद्द करा. त्या बाबतीत मी पक्षिमित्रांच्या बाजूनं उभा राहीन.

गेल्या दोन महिन्यांत मी आणि नातवानं चांगदेवच्या काठावरून जे तंगूस गोळा केलं, ते पाच लिटर तेलाच्या डब्यात दाबून भरलंय. नातू आता वाइसवर बसतो. परवा त्यानं पहिला किडा बांधला, नेढ्यापाशी जागा सोडून.

ते पत्र लिहिणारे पक्षिमित्र हे वाचतील अशी आशा आहे. पोळ्यानंतर दर रविवारी सकाळी सहापासून आम्ही संगमाच्या अलीकडे, मोठ्या बाभळीपाशी असतो. त्यांना दुर्बिणीतून पक्षी ओळखता येतात, ते माझ्या नातवाला शिकायचंय. मी त्यांना गाठ सोडवायला शिकवीन. पंचा आणि नेलकटर माझ्या पिशवीत कायम असतं.

आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे फिटर
भुसावळ, जि. जळगाव